हळद मनीषाची, नाव वैशालीचं

कोलशेत, रविवार संध्याकाळ, मे १९९६

मी सांगते, नात वैशाली लिहिते. गाळू नकोस गं काही.

हिने स्वयंपाकघरात, खिडकीला गोधडी लावून, कीबोर्डवर आपली पहिली कॅसेट केली. सगळं धुक्यातून आल्यासारखं ऐकू येतं. मी गावची धवलारीण, लग्नात धवल्याची गाणी गाणारी, म्हणून माझा धवलाही त्यात भरला. धवल्यात नवरीचं नाव घ्यावं लागतं. नवरी कुठली आणू? वैशालीचंच घेतलं. मग हिच्या मित्रांनी त्याचं रीमिक्स केलं. धवला कापला, नाव तेवढं दहादा ठेवलं. दहादा लग्न लागलं हिचं, नातजावई एकही नाही!

आज शेजारच्या मनीषाची हळद. मी गायला उठले, तर तिची आई म्हणते, "मावशी, बसा आरामात, तुमचीच कॅसेट लावलीय!" हळद लागली मनीषाला, नाव वैशालीचं. पोरं नाचली. कुणाला कळलंसुद्धा नाही. मनीषा तेवढी माझ्याकडे बघत राहिली. आणि मी काय केलं? सरबत प्यायले.

घरी येऊन मनीषाचं नाव घालून अख्खा धवला म्हटला, भिंतीसमोर. आता काय उपयोग? वैशालीने हळूच टेपच्या रेकॉर्डच्या बटणाकडे हात नेला.

म्हटलं, हात मागे घे. हा धवला मनीषाचा आहे.