ब्रेक नको, आबा!

प्रिय आबा,

‘प्रिय’ लिहिलं ते पत्राची रीत म्हणून. आज तुम्ही मला अजिबात प्रिय नाही आहात. दुपारी तुमच्या तेराव्याची गंधमुक्ती झाली, अख्खं गाव वरण-बट्टी जेवून गेलं, आणि मी दार लावून तुमच्यावर चिडत बसले आहे. बाहेर कोणासमोर चिडू? तुमच्या फोटोपुढे आत्या अजून रडते आहे. म्हणून कागदावर चिडते.

झालं काय, पंगत बसली होती आणि सुपडूकाका मोठ्यानं बोलायला लागले. “आबानं पोरीले जीप शिकवली म्हणून तं ती एकटी त्याले जळगावले घेऊन गेली. आपल्यात कोण शिकवते पोरीले गाडी? येगळाच माणूस व्हता!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तुपाचं भांडं घेऊन उभी होते. तोंडाशी आलं होतं, खोटं आहे हे, यांनी मला काहीही शिकवलं नाही! पण आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुढच्या पानावर तूप वाढलं.

मेल्यावरही फुकटचं नाव कमावता, आबा?

तो उन्हाळा आठवतो का? दादानं पुण्याहून टीव्हीला जोडायचा गाड्यांचा गेम आणला होता आणि सुट्टी संपल्यावर इथेच टाकून गेला. माझी बारावीची परीक्षा संपलेली. ऊन असं की दुपारी अंगणात पाय ठेववत नव्हता. तुम्ही बागेतून यायचात, जेवून कूलरसमोर आडवे व्हायचात, आणि मी गेममधल्या घाटात गाडी पळवत बसायचे.

वळणावर गाडी आडवी घालायला मला किती दिवस लागले! ड्रिफ्ट म्हणतात त्याला, दादानं नाव सांगितलं होतं, पण त्यालाही ते धड जमत नव्हतं. वळण आलं की ब्रेकला नुसतं बोट लावायचं आणि गाडी आत घालायची. मागची चाकं घसरायला लागली की घाबरायचं नाही. मागची बाजू जिकडे जाते तिकडेच पुढची चाकं फिरवायची आणि रेस देत राहायचं. आधी मी प्रत्येक वळणावर कठड्याला धडकले. मग एका दुपारी गाडी अख्खं वळण आडवी गेली आणि पुढे सरळ निघाली. मी किंचाळले. तुम्ही उठून बसलात.

“हे उलटली कशी नई?”

तुम्हाला सहनच झालं नाही! इतकी वर्षं केळीच्या बागांतून जीप हाकणारा माणूस, आणि पोरीची गाडी त्याला न येणारं काहीतरी करते! “मले शिकव,” म्हणालात. मी बटणांचा डबा पाठीमागे लपवला. म्हटलं, आधी मला जीप शिकवणार का ते सांगा.

“शिकवतो.”

“नक्की?”

“बापाची जबान.”

तुमच्याइतका वाईट विद्यार्थी जगात झाला नसेल, आबा. तुम्ही हॉर्नचं बटण शोधायचात. वळणाआधी गाडी उभी करून समोरून काही येतंय का बघायचात. गाडी वळली की तुम्हीच खाटेवर कलंडायचात. आणि तो ब्रेक! मागचं चाक जरा सरकलं की तुमचा अंगठा ब्रेकवर, आणि गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडानं उभी. “ब्रेक नको, आबा! ब्रेक नको! सोडा, आणि जाते तिकडेच फिरवा!” ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. आई आतून म्हणायची, “हळू बोल वं, बापावर वसकते म्हणतील लोक.”

पण मी कंटाळले नाही. रोज दुपारी शिकवलं. वीज गेली तर ती येईपर्यंत जेवणाच्या ताटावर स्टिअरिंग फिरवून दाखवलं. आणि तुम्हाला जमलं! “पाह्य, पाह्य!” करत तुम्ही आईला हाका मारल्यात, ती पिठाच्या हातांनी बाहेर आली. तुमच्यापेक्षा मीच जास्त नाचले. कारण आता माझी पाळी होती ना!

“कटाई होऊ दे,” म्हणालात.

केळीची कटाई कधी संपते का हो? वरची बाग झाली की खालची, खालची झाली की नदीकाठची, तोवर वरची पुन्हा तयार. दोन वर्षं मी ‘कटाई होऊ दे’ ऐकलं. दादाला तर नीट मिशीही फुटली नव्हती तेव्हा शिकवलीत. त्यानं गोठ्याची भिंत पाडली तेव्हा पोट धरून हसलात. मी उभ्या जीपमध्ये नुसती बसले तर, “उतर, क्लच खराब होईन.” एकदा पाहुण्यांसमोर विचारलं तर म्हणालात, “तुले काय ट्रक चालवायचा हाये का?” सगळे हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याचाही आज मला राग येतो.

खरं कारण मी ऐकलं होतं, आबा. आईला सांगत होतात, “पोरगी जीप चालवते म्हटलं तं सोयरे म्हणतील, ही काय कोणाच्या घरात नांदणार.” हे मला तोंडावर सांगायचं होतंत! निदान भांडले तरी असते.

मग तो रविवार आला. मजूर बाजाराला गेले होते, केळीचा ट्रक भरून निघून गेला होता. मी डबा घेऊन तुमच्याबरोबर बागेत आले होते. तुम्ही हात धुवायला वाकलात आणि बांधावरच बसलात. सदरा घामानं चिंब, हात छातीवर. जीप समोर उभी, किल्ली तुमच्या खिशात. आणि आपल्या दोघांत गाडी येणारा माणूस एकच, तोही बांधावर बसलेला!

त्या दिवशी शिकवायला लागलात. शेजारच्या सीटवर, ओठ दाबून. “डावा पाय पुरा दाब. गिअर माह्याकडे घे, अन् पुढे ढकल. आता पाय हळू सोड.” जीप गचके खाऊन बंद पडली. पुन्हा बंद पडली. तुम्ही एकदाही ओरडला नाहीत. का नाही ओरडलात? दोन वर्षं जे शिकवलं नाही, ते इतक्या शांतपणे शिकवता येत होतं तुम्हाला?

शेवटी जीप निघाली. पाट फुटून रस्त्यावर चिखल झाला होता, तिथे तिची मागची बाजू सरकली, थेट नालीकडे. माझा पाय ब्रेकवर गेला. आणि तुम्ही मिटल्या डोळ्यांनी म्हणालात, “बिरेक नको. सोड. जाते तिकडेच फिरव.”

माझं वाक्य होतं ते! मी सोडला, फिरवलं, जीप सरळ झाली. गाडीतलं तेवढंच मला आधीपासून येत होतं, आणि ते मीच तुम्हाला शिकवलं होतं.

हायवेला लागलो. इंजिन नुसतं ओरडत होतं. मी विचारलं, “आबा, दुसरा गिअर कसा टाकायचा?” तुम्ही बोलला नाहीत. “आबा! दुसरा!” तुमची मान खांद्यावर पडली होती, श्वास तेवढा चालू होता. थांबवली तर पुन्हा सुरू होईल की नाही, या भीतीनं मी कोणाला हातही केला नाही. नशिराबाद ओलांडून जळगावपर्यंत पहिल्या गिअरवर आणलं तुम्हाला. मागचे ट्रक हॉर्न मारत होते, बॉनेटमधून वाफ येत होती. सायकलवाले पुढे गेले, आबा. सायकलवाले!

डॉक्टर एवढंच म्हणाले, “थोडं आधी आणायला पाहिजे होतं.”

परवा दादानं जीप दुरुस्त करून आणली. मी त्याला दुसऱ्या गिअरचं विचारलं. तो म्हणाला, “पहिल्यावरून सरळ मागे ओढ. बस.” मी क्लच दाबून ओढला, आणि पडला. एवढंच होतं? मिनिटभराचंही काम नाही! दोन वर्षांत तुम्हाला तेवढं मिनिट सापडलं नाही? मी स्टिअरिंगवर हात आपटून रडले. दादाला वाटलं, तुमची आठवण आली. आठवण तर येतेच हो, रोज येते. पण तो संताप होता. तुम्ही आज हवे होतात, आणि नाही आहात ते तुमच्याच हट्टापायी.

आत्ता आई आत येऊन गेली. काय लिहितेस, असं विचारलं नाही. खाटेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “तुले येते तेवढं मले शिकव.”

“तुला? आता?”

“तू सासरी गेली अन् घरात कोणाले काही झालं तं? नई तं तुलेच काही झालं तं? घरात एकालेच येते म्हणून तं हे झालं.”

ऐकताय ना, आबा? जे तुम्हाला कधी कळलं नाही, ते तिला बरोबर कळलं.

उद्या खालच्या बागेची कटाई आहे. सकाळीच मजूर येतील, ट्रक लागेल, कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसेल. तरी शब्द देते, आणि माझा शब्द तुमच्या जबानीसारखा नाही. उद्या सकाळी सगळ्यांसमोर आईला जीपमध्ये बसवणार. कटाई थांबेल. तिला पहिला गिअर दाखवणार, आणि लगेच, गाडी हलायच्या आधीच, दुसरा.

तुमच्यावर रागावलेली,
मनीषा