मिल चालू आहे

आई,

आज तुझ्याशी भांडायचं आहे. तू असताना ते कधी जमलं नाही. मी आवाज चढवला की तू पदर खोचून भांडी घासायला बसायचीस आणि माझं सगळं बोलणं नळाच्या आवाजात वाहून जायचं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी ऐकून घे.

तुझी अंगणवाडीत नेमणूक झाली तेव्हा मी अकरावीत होते. मिलला टाळं लागून बरेच दिवस झाले होते, बाबांचा पगार थांबला होता आणि घरात कमावणारं कोणी नाही म्हणून निवडीत तुला जास्तीचे गुण मिळाले होते. देवळामागची ती एक खोली, कडीला टांगलेला वजनकाटा, दलियाचं मोठं पातेलं आणि खोलीभर शेंबडी पोरं. तू कडक इस्त्रीची साडी नेसून निघायचीस. तोवर वस्ती तुला बाबांच्या नावानं ओळखत होती, आता पोरांच्या आया तुला 'दीदी' म्हणायला लागल्या. काट्यात बसवलेलं पोर रडलं की तू त्याला अर्ध्या मराठीत, अर्ध्या मालवीत काहीतरी गाणं म्हणून दाखवायचीस आणि संध्याकाळी तेच गुणगुणत कणीक मळायचीस. त्याआधी घरात तुला गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आणि रोज सकाळी तू बाबांचा डबा भरायचीस. मिलचा भोंगा वाजत नव्हता, धुराडं थंड पडलं होतं, तरी ते सायकलला डबा अडकवून निघायचे. गेटवर युनियनची हजेरी असायची. सगळे कामगार सह्या करायचे, कडुलिंबाखाली पत्ते खेळायचे, डबा खायचे आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी परतायचे. नेत्यानं त्यांना बजावून ठेवलं होतं की मालकानं टाळं ठोकलंय, मिल काही बंद झालेली नाही. आपल्या तोंडून 'बंद' निघालं की लढा संपला.

मग पलीकडच्या गल्लीतल्या बाईनं तुझ्या नेमणुकीविरुद्ध अपील केलं. निवडीत तिचा नंबर तुझ्या मागचा होता. तिचं म्हणणं एवढंच की हिचा नवरा नोकरीवर आहे, रोज डबा घेऊन ड्युटीवर जाताना अख्खी वस्ती बघते, मग हिला गरिबीचे गुण कसले? तेव्हा तिचा मला भयंकर राग आला होता. आज वाटतं, तिनं तरी खोटं काय सांगितलं? जे दिसलं ते सांगितलं. तो डबा तूच भरत होतीस ना?

सुनावणीच्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात आपण तिघं बाकावर बसलोय. बाबांनी दाढी केली आहे. स्नेहलतागंजातले वकील पुन्हा पुन्हा सांगतायत की 'मिल बंद आहे आणि मला पगार मिळत नाही' एवढंच बोलायचं, बाकी मी बघतो. बाबा मान हलवतात. आत अपील ऐकणारे साहेब काही वाईट माणूस नव्हते. चष्मा पुसत त्यांनी सरळच विचारलं, "बताइए, मिल बंद है कि चालू?"

बाबा उभे राहिले. तुझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"चालू है साहब. ताला मालिक का है, मिल तो चालू है."

"मतलब आप नौकरी में हैं?"

"हां साहब."

"सोच लो, मैं यही लिखूंगा."

"लिखो."

वकिलांनी घाईघाईनं पगाराचा मुद्दा काढला. साहेब म्हणाले, पगाराचा झगडा दुसऱ्या कोर्टातला, मला इथे नोकरी आहे की नाही तेवढंच बघायचं आहे. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, आता तू बोलशील. घरातल्या रिकाम्या डब्यांबद्दल, माझ्या फीबद्दल, कशाबद्दल तरी. तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलीस.

घरी आल्यावर मी बाबांवर तोंड टाकलं, तर तू मलाच दटावलंस. पोळपाट बाजूला सारून म्हणालीस, "गप्प बस. त्यांच्याजवळ आता तेवढंच उरलंय."

मग तुझ्याजवळ काय उरलं होतं, आई? हे तुला कोणी विचारलं? मालकानं टाळं लावलं, नेत्यानं आदेश दिला, साहेबांनी नियम पाळला, बाबांनी लढा सांभाळला. ज्याचं त्याचं सगळं शाबूत राहिलं, नेमणूक रद्द झाली ती तुझी आणि किंमत तू मोजलीस. वर दाद मागता येईल असं वकील म्हणाले, तर तू नको म्हणालीस, कारण तिथेही बाबांना तेच विचारणार होते. तू आपल्या हातांनी किल्ली आणि काटा त्या बाईच्या हवाली केलास. वर कोणतं पोर गरम दलिया खात नाही, तेही तिला सांगून आलीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाबांचा डबा भरलास! मला त्या डब्याची आजही चीड येते. लोक तुझ्या सोशिकपणाचं कौतुक करतात तेव्हा उठून जावंसं वाटतं. नवऱ्याचा मान राखायला बायकोनं आपलं काम, आपलं नाव गिळून टाकायचं, यात कौतुक कसलं? त्यानंतर तू साड्यांना फॉल लावत राहिलीस, मान खाली घालून, आणि गुणगुणणं बंद झालं.

बाबा आता माझ्याकडे असतात, अन्नपूर्णा भागातल्या घरी. खूप थकलेत. मिलच्या जागेवर उंच इमारती आहेत, तिकडून रिक्षा गेली की ते दुसरीकडे बघतात. त्या दिवसाबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. हे पत्रही मी फाडूनच टाकणार आहे, कारण हाताला लागेल तो कागद ते वाचतात.

पण एक तुला सांगते. परवा त्यांना दवाखान्यात नेलं होतं. नवा पोरगेलासा डॉक्टर, रक्तदाब बघताना गप्पा मारत होता. मिसेस काय करायच्या, असं त्यानं विचारलं. बाबा ताठ बसले. "आंगनवाड़ी में थी. पूरी बस्ती दीदी बोलती थी." डॉक्टरनं सहज विचारलं, "रिटायरमेंट तक?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, आई.

मी म्हटलं, "हां, रिटायरमेंट तक."