काटा न येणारी जागा

आई, आज सकाळी आंघोळीला बसले आणि पुन्हा गार पाण्याचा तांब्या दंडावर ओतला. नाशिकची थंडी तुला माहीतच आहे, सगळ्या हातावर सरसरून काटा आला. फक्त डाव्या दंडावरच्या फिकट चट्ट्यावर आला नाही. तिथं पाणी गार लागलंसुद्धा नाही. तीन आठवडे रोज हेच करून बघते आणि रोज घाबरते. तू जाऊन चौदा वर्षं झाली, तरी हे सांगायला तूच आठवतेस.

दिंडोरीच्या दवाखान्यात तू नर्स होतीस. सुट्टीत मला गाडीवर मागे बसवून द्राक्षबागांत न्यायचीस, पेठ तालुक्यातून कामाला आलेल्या मजुरांच्या अंगावर चट्टे तपासायचीस. एकदा मी कुडकुडत विचारलं, काटा येतोच का गं? "केसाच्या मुळाशी एवढासा स्नायू असतो, तो आखडला की केस उभा राहतो. कुत्रं दिसलं की मांजर फुगतं ना, तसं. आपल्या अंगावरचे दाट केस गेले, घाबरणं तेवढं राहिलं." तू हसतेयस, तेवढ्यात एक बाई पुढे येते. "सगळ्या हाताला काटा येतो बाई, इथंच नाय येत." तू तिचा दंड हातात घेतेस, कुष्ठरोग म्हणतेस, आणि मी दोन पावलं मागे सरते. तिनं ते पाहिलं. परतताना गाडी थांबवून तू मला झापलंस. "गोळ्यांनी हा रोग बरा होतो. लपवत बसतात त्यांची बोटं जातात. ती आपणहून आली, तुझ्यापेक्षा शहाणी आहे."

तेव्हा लपवणारी माणसं मला मूर्ख वाटायची. आता मीच पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालून ओझरला कामावर जाते. गोळ्यांना कोण भितंय? भीती सासूबाईंची आहे, डब्यातली भाजी वाटून खाणाऱ्या मैत्रिणींची आहे. त्या दोन पावलांची आहे.

काल लेकीला न्हाऊ घालताना मुद्दाम गार पाणी ओतलं. ती किंचाळली, पाठभर, हातभर काटा फुलला, एक जागा सुटली नाही. मला रडूच फुटलं. "काय शोधतेस गं?" तिनं विचारलं. "काही नाही," म्हटलं. ती माझ्याच कुशीत झोपते. माझं औषध सुरू होत नाही तोवर तिला धोका आहे, हे तुझ्या मुलीला कोणी वेगळं सांगायला नको.

शेवटी 'उद्या नक्की दवाखान्यात जाते' असं लिहायला घेतलं होतं. पण तुला खोटं लिहवेना.