चावणारा नळ

रविवार, ता. ९

चि. मनीस आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. तुमचंही बरं असेल असं धरून चालते, कारण फोनवर तू "बरं आहे" याच्यापुढे जात नाहीस. बोकोबाचा रांगतानाचा फोटो पोचला. शेजारणीला "आमचा नातू" म्हणून दाखवला, फाटकाशी भेटलेल्या दूधवाल्यालाही दाखवला. त्याने मागितला नव्हता.

माझा गुडघा माझ्यासारखाच आहे, कुरकुरतो पण चालतो. बाकी विशेष नाही. मध्ये मी एका बाईंना बोलावून घरातली वीज तपासून घेतली, एवढंच.

आता "एवढंच" असतं तर फोनवर सांगितलं असतं. पण फोन लावला की तुझे बाबा शेजारी येऊन बसतात. नुसते माझ्या तोंडाकडे बघतात.

तू गेलीस त्या दिवसाचं मला उगाळायचं नाही. तरी लिहावं लागतंय. सातवा महिना होता तुला. ओल्या केसांनी न्हाणीघरातून बाहेर आलीस आणि म्हणालीस, "बाबा, नळ चावतो." यांनी जावईबापूंसमोर हसून म्हटलं, "पोटुशी बाईला सगळंच चावतं. या घरातली तार न तार मी ओढली आहे. आम्ही रोज आंघोळ करतो, आम्हाला कसा चावत नाही?" तू बॅग भरलीस. "माझं बाळ या घरात पाऊल टाकणार नाही," म्हणालीस, आणि शब्द पाळलास. बोकोबा रांगायला लागला तरी आजी-आजोबा त्याला फोटोतच ओळखतात.

तर त्या तपासणीवाल्या बाई आल्या. तुझ्याच वयाच्या, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आल्या आल्या त्यांनी फ्यूज उपसला. सारखा उडतो म्हणून यांनी त्यात जाडजूड तार घातलेली, ती हातात धरून म्हणाल्या, "काका, ही फ्यूजची तार आहे की कुंपणाची?"

"कधी उडला नाही तो," हे म्हणाले.

"उडेल कसा? घर जळलं असतं तरी हा जागचा हलला नसता!"

नव्या सुनेमागे सासू फिरावी तसे हे हाताची घडी घालून त्यांच्यामागे फिरत होते. न्हाणीघरात बाईंनी गीझर चालू केला, नळाला मीटर लावलं आणि आकडा दोनदा वाचला. मग आमच्या पायांकडे बघितलं. "तुम्ही दोघं घरात कायम रबरी चपला घालता?"

घालतोच की. यांच्या टाचांना भेगा, मला घसरायची भीती. आंघोळ करतानासुद्धा काढत नाही. अनवाणी तू एकटीच. "चपला घाल" म्हणून सांगता सांगता माझा घसा बसायचा.

बाईंनी समजावून सांगितलं. गीझर आतून खराब झालेला. त्यातून झिरपणारी वीज जमिनीत जावी म्हणून पूर्वी पाण्याच्या लोखंडी पाइपाला एक तार बांधत, तशी आपल्याकडेही आहे. पण मागे पाइप गळायला लागला तेव्हा यांनीच बाहेरचा तुकडा काढून प्लॅस्टिकचा घातला. प्लॅस्टिकमधून वीज पुढे जात नाही. मग ती नळातच राहिली, आणि रबरी चपलांमुळे आम्हाला तिचा पत्ता लागला नाही.

हे म्हणाले, "मीटर काय, काहीही दाखवतं." आणि काय चाललंय हे कळायच्या आत चपला काढून ओल्या फरशीवर उभे राहिले. "काका, नको!" बाई ओरडल्या, तोवर यांची बोटं नळाला लागलीसुद्धा. हात असा काही झटकला, की मागच्या भिंतीवर आपटला. बाईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि परत येऊन यांना असं काही फैलावर घेतलं, की मला तुझीच आठवण झाली.

हे पालथ्या बादलीवर बसले आणि हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चावतो गं. सातवा महिना होता तिला." आणि रडायला लागले. मलाही आवरलं नाही. बाई बिचाऱ्या पक्कड शोधायचं निमित्त करून बाहेर गेल्या.

आता नवा गीझर आहे, अंगणात खड्डा घेऊन जमिनीत नवं अर्थिंग घातलंय. वीज जरा कुठे झिरपली की आपोआप बंद करणारा स्विचही बसवलाय. यांनी हौसेने ओढलेल्या तारा पोत्यात भरल्या आणि स्वतःच नेऊन टाकून आले.

एक खोटं मात्र दुरुस्त करते. बाईंना मी बोलावलं नाही. तसं लिही असं मला बजावलं गेलंय. तू पाठवलेला फोटो आला तेव्हा हे तो घेऊन घरभर फिरले. मग जमिनीवर बसून भिंतीतल्या खालच्या प्लगला हात लावून म्हणाले, "त्याचा हात इथवर पोचेल." दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन बाईंना घेऊन आले. आणि आणूनही त्यांच्याशी हुज्जत घातलीच. तुझे बाबाच ते.

आता रोज सकाळी चपला दाराशी काढतात, अनवाणी हिंडतात आणि घरातल्या प्रत्येक नळाला हात लावून बघतात. बाई म्हणाल्या, "काका, आता गरज नाही." ऐकतील तर शपथ. टाचा पार फाटल्यात.

मी तुला "ये" म्हणत नाही. राग धरलास तर तो तुझा हक्क आहे. माझं मात्र त्या पोराला छातीशी धरल्याशिवाय मन भरणार नाही, हेही खरंच आहे.

मगापासून हे विचारतायत, "बाईंना तू बोलावलंस असंच लिहिलंस ना?" "हो" म्हटलंय. आता वरचं सगळं दुमडून खालची कोरी जागा त्यांच्यापुढे करते.

तुझी,
आई

मने, बाईंना आईने नाही, मी बोलावलं. नळ चावत होता. आता चावत नाही.
बाबा