दोन पांढऱ्यांची बावीस तपकिरी

मस्कोगी, मंगळवार

प्रिय नडीनताईस,

कंबर धरली आहे म्हणून वाकून नाही, पण मनापासून नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? आमच्याकडे सगळे सुखरूप. सगळे म्हणजे वांडा, मी आणि एकतीस साप. पैकी बावीस नवे, आणि त्यांच्यापायीच सर्पमंडळाचं माझं अकरा वर्षांचं अध्यक्षपद धोक्यात आलं आहे.

माझ्याकडे बोआ जातीची एक पांढरी जोडी आहे. (पांढरी म्हणजे दुधासारखी नव्हे, अंगात काळा रंग नाही, कांती फिकट केशरी, डोळे लाल. लोक ढोबळ बोलतात, मी बोलत नाही.) नियम सोपा आहे. पिल्लाला रंगाचा एक वाटा आईकडून येतो, एक बापाकडून. एक जरी वाटा धड असला तरी पिल्लू तपकिरी. दोन्ही बिघडलेले असतील तरच पांढरं. दोन्ही पांढऱ्या आईबापांकडे धड वाटा असणार कुठून? म्हणून मी भर सभेत सांगून टाकलं की, सगळी पिल्लं पांढरी होतील. एक जरी तपकिरी निघालं तर अध्यक्षपद सोडेन.

गुरुवारी बावीस झाली. बावीसही तपकिरी.

नियम चुकत नसतो, तेव्हा मादी चुकली असणार. जानेवारीत आमच्या मंडळातला डेल्बर्ट मासेमारीला गेला होता, तेव्हा त्याचा कर्नल नावाचा तपकिरी बोआ तीन दिवस माझ्याकडे होता. मी तडक त्याच्या दारात गेलो नि म्हणालो, "तुझ्या कर्नलने माझं नाक कापलं!"

"कर्नलने?" डेल्बर्ट खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. "अरे गुरुजी, नावावर काय जातोस! मार्चमध्ये अठरा पिल्लं दिलीत तिने. अकरा वर्षं अध्यक्ष आणि नर-मादी कळेना?"

(नर-मादी ओळखायला शेपटी मी पाहिली होती. उजेड कमी होता.)

घरी आलो तर वांडा खरेदीच्या दोन्ही पावत्या घेऊन बसलेली. "अहो, ही दोघं दोन वेगळ्या पांढऱ्या घराण्यांतली आहेत, असं लिहिलंय. वाचलं नव्हतंत?"

वाचलं होतं. फक्त तो मुद्दा मी पुढच्यासाठी राखून ठेवला होता. ताई, एका घरात दिवा नाही, दुसऱ्या घरात तार नाही. दोन्ही घरं अंधारीच. पण मुलाला एकीकडून दिवा मिळाला, दुसरीकडून तार, की उजेड पडला. तसंच हे. एका घराण्याचा बिघाड एका जागी, दुसऱ्याचा दुसऱ्या. दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली. म्हणजे माझी पिल्लं दिसायला तपकिरी असली तरी प्रत्येकाच्या पोटात दोन्ही पांढरेपणं दडलेली आहेत. असा माल अख्ख्या ओक्लाहोमात कुणाकडे नसेल! शनिवारच्या सभेत हे सांगितलं की राजीनाम्याचा विषयच मिटला.

तुझा भाऊ,
रॉइस

ता. क. – पत्र टाकायचं राहून गेलं, तोवर राजीनामा एकमताने मंजूरही झाला. माझंही मत त्यातच मोजलं.

आणखी ता. क. – शनिवारी नवे अध्यक्ष डेल्बर्ट बोलणार आहेत. विषय : दोन पांढरी घराणी. तू नक्की ये आणि माझ्या शेजारीच बस. मी दुरुस्ती सुचवायला उठलो की कोट धरून खाली ओढ. वांडा म्हणते, तिचे हात आता थकले.