माशाच्या काट्यातली हीमल कमान

सर, काल आईनं उजनी धरणातला चिलापी मासा केला. ताटात शेपटीकडचा काटा उरला आणि तुम्ही आठवलात. इंदापूरच्या शाळेत तुम्ही असाच धुतलेला काटा रुमालात गुंडाळून आणला होता. मणक्याखालची बारीक कमान दाखवून म्हणालात, "ही हीमल कमान. ग्रीक भाषेत हायमा म्हणजे रक्त, त्यावरून हीमल, रक्तासंबंधीचं. रक्तवाहिनी हिच्यातून जाते. हिमोग्लोबिनही याच घरातलं." पण तुमचा नियम होता, नवा शब्द आधी घरी सांगायचा, घरचे काय म्हणाले ते वहीच्या समासात लिहायचं, मगच उत्तरात वापरायचा. काय वैताग यायचा त्याचा! मी चुलीपुढं बसून सांगते आहे, आई काटा उजेडात धरून बघते. "म्हंजी रगताची वाट हाय ही. मग तसंच म्हणा की." दुसऱ्या दिवशी तुम्ही ते वाक्य फळ्यावर लिहिलंत. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईचं वाक्य, तुमच्या सुंदर अक्षरात. असा मास्तर मी पुन्हा पाहिला नाही.

बारामतीच्या लॅबमध्ये मी नवीनच लागले होते तेव्हा तुम्ही रक्त तपासायला आलात. दंड निम्मा झालेला. स्लाईड मीच पाहिली. नको त्या पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी होती. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "काय दिसतंय गं?" मी म्हणाले, "सर, काही हीमॅटिक बदल आहेत. डॉक्टर सांगतील." तुम्ही चष्मा पुसलात. "घरी सांगितलंस का हे? आई काय म्हणाली?" मी खाली बघत रिपोर्टची घडी घालत राहिले. "असू दे. शब्द बरोबर वापरलास," म्हणालात आणि गेलात. चार महिन्यांनी कळलं, तुम्ही नाहीत.

आजार सांगणं माझं काम नव्हतं, आजही नाही. पण आता जळोची गावची एखादी मावशी रिपोर्ट उलटा धरून उभी राहिली, की मी तिला आधी खुर्ची देते. "मावशी, रगतात बिघाड दिसतोय. आजच डाक्टरकडं जावा, एकट्या जाऊ नका. घरी फोन लावू का?" हे तुमच्यामुळं येतं मला, आणि तुमच्याच वेळी आलं नाही याची लाज वाटते.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी आईला सांगितलं होतं, सर. ती म्हणाली, "सरास्नी जेवाया बोलीव. म्हणावं, आमी हाय." मी बोलावलं नाही. तुमच्यासमोर रडू येईल, याची भीती वाटली.