एकच मोठं कार्ड

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटी जगन्नाथचंच खरं! कॅमेऱ्यासाठी दोन लहान मेमरी कार्डं मागितली होती मी. मिळालं काय — एक. मोठं.

कुवेतमध्ये, या फहाहीलच्या दुकानातला केरळी सेल्समन बिचारा हिंदीत समजावत होता. मॅडम, हा आकडा म्हणजे कार्डाचा वेग, आधी तो बघा, जागा नंतर. मी कालपरवा कॅमेरा हातात घेतलेली बाई. सगळं कळत नव्हतं, पण ऐकत तरी होते! जगन्नाथने त्याला मध्येच तोडलं — 'वो सब छोडो, बडावाला दिखाओ.' नवरा तेलाच्या कंपनीत पाइप तपासतो, म्हणून जगातल्या प्रत्येक वस्तूचा इन्स्पेक्टर! म्हणे, 'दोन घेतलीस की एक हरवशील. आणि मोठं असलं की रिकामं करायची कटकटच नाही.' हरवशील! घराच्या किल्ल्या कोण हरवतं?

रहिमाने बजावून सांगितलं होतं. माझ्याबरोबर दवाखान्यात नर्स आहे, श्रीवर्धनची. तिचा भाऊ तिकडे लग्नांचे फोटो काढतो. 'एक भरलं की काढून ठेवायचं, दुसरं घालायचं. सगळं एकात ठेवू नको गं.' मी हे दुकानात बोलले तर म्हणाला, 'रहिमाला काय कळतं?' त्या परक्या माणसासमोर! घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही. एसी वाढवला फक्त.

८ नोव्हेंबर, शनिवार

उद्या नाना येणार. व्हिजिट व्हिसा एकदाचा झाला.

हा कॅमेरा कशासाठी घेतला ते जगन्नाथला चांगलं माहीत आहे. आई गेली तेव्हा घरात तिचा एक धड फोटो सापडला नाही. मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून आणला महाडच्या फोटोवाल्याने. भिंतीवर हार घातलेली ती बाई माझी आई वाटतच नाही. नानांचं बायपास झालंय. डॉक्टरांनी सांगितलंय, लेकीकडे एकदा जाऊन या, पुढे विमान नको. म्हणून. नानांचा एक चांगला फोटो हवा. एवढंच मागणं आहे माझं आणि ते 'बडावाला'त बसवलंय याने.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नाना फोनसमोर ताठ उभे राहतात, डोळे मिटतात. पण कॅमेऱ्याला घाबरत नाहीत, मजाच आहे! एसटीत कंडक्टर होते, माणसांची सवय. म्हणाले, 'चांगला काढ हो बाय. भिंतीवर लागायचाय तो.' मी ओरडलेच त्यांच्यावर. ते हसत बसले.

आणि नेमकं तेव्हा कॅमेरा अडकला! लाल दिवा लुकलुकतोय, बटण दाबतेय, काही होत नाही. हसू संपलं, मग चालू झाला. कार्डाला वेग नाही ना! मी जगन्नाथला म्हटलं, बघ. तो म्हणाला, 'तू फार पटापट दाबतेस.'

हात टेकले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मिळाला! मिळाला फोटो!

नाना बाल्कनीत लसूण सोलत बसले होते. जगन्नाथ त्यांना त्याच्या साहेबाची नक्कल करून दाखवत होता. कानाला फोन, पोट पुढे, 'यल्ला यल्ला हबीबी'. नाना असे हसले की लसणाची सालं उडाली. उन्हात चष्मा वर ढकललेला, तोंडात दोनच दात पुढचे — नाना! माझे नाना!

दुपारी सांगितलं, हा आत्ताच्या आत्ता कुठेतरी उतरवून ठेव. म्हणाला, ऑफिसच्या लॅपटॉपला बाहेरचं कार्ड लावलं तर सिक्युरिटीचा फोन येतो. घरच्या लॅपटॉपला कार्डाची खाचच नाही. 'रीडर आणतो या आठवड्यात. घाई काय आहे? महिनाभराचे फोटो बसून वर जागा उरतेय. म्हणून तर मोठं घेतलं.'

या आठवड्यात. बरं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

रीडर आणला नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप नाही.

उद्या सकाळी नाना निघणार, म्हणून संध्याकाळी समुद्रावर नेलं. नाना उभे, मागे लांबवर जहाजांचे दिवे लागत होते. मी दोन-तीन फोटो काढले. मागे चटईवर एक कुवेती कुटुंब बसलं होतं, चहाचा थर्मास, मुली. माझं लक्षच नाही! त्यातला माणूस उठून आला. 'ममनू,' म्हणाला, मनाई आहे, बायकांचे फोटो नको. बरोबरच होतं त्याचं. मी लगेच स्क्रीन दाखवला. एका फोटोत त्याची बायको येत होती. त्याने एक बोट वर केलं. एक. एवढा एक पुसा, बस.

जगन्नाथने माझ्या हातातून कॅमेरा ओढला! चेहरा पांढराफटक. 'सॉरी सर, सॉरी सर, ऑल डिलीट, ऑल!' मी म्हणतेय अरे थांब, एकच म्हणतोय तो, एकच! ऐकतो कुठला! तोंडाने 'इकामा रद्द होईल, तुला कळत नाही, इकामा' चालू, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि बोटाने फॉरमॅट. ओके. सगळं गेलं. त्या माणसाला रिकामा स्क्रीन दाखवला, लहान मुलाने धुतलेले हात दाखवावेत तसा.

तो माणूसच ओशाळला. 'लेश, लेश?' म्हणत राहिला. का म्हणून? नानांना बाकावर बसवून त्यानेच चहा दिला, खजूर दिले. पाठीवर हात ठेवला. ज्याला घाबरला तो असा आणि आमचा हा असा!

घरी येऊन मी काय काय बोलले ते लिहिणार नाही. नाना शेजारच्या खोलीत होते. ऐकत होते.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी म्हटलं, नाना, एक तरी काढू द्या. कॅमेरा वर केला. त्यांनी हातच आडवा धरला. तोंड उतरलेलं, डोळे सुजलेले. 'आता नको बाय. हा चेहरा नको भिंतीवर.'

विमानतळावर मला म्हणाले, 'जावईबापू घाबरले गो. परक्या मुलखात माणूस घाबरतोच.' मी म्हटलं, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका. हात हलवला आणि गेले आत.

३ डिसेंबर, बुधवार

ठरवलंय. बोलायचं नाही. एक शब्द नाही.

पण कॅमेरा आहे ना! तो कामावर गेला की सुरू. ओला टॉवेल पलंगावर — काढला फोटो. जन्मात हा टॉवेल दोरीवर गेला नाही. कपाचा गोल डाग टेबलावर — काढला. दारात आडवी बुटं, टूथपेस्टचं उघडं तोंड, सोफ्यावर मोजे. बटण दाबून धरायचं, धडाधड दहा-दहा निघतात. मोठं कार्ड आहे, जागाच जागा! माझ्या नानांना पुसलंस ना? आता तुझं कर्तृत्व साठवते. सासूबाईंना पाठवीन सगळं!

शंभर शिव्या दिल्या असत्या तरी इतकं बरं वाटलं नसतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी जेवून घोरत पडला. कॅमेरा फ्रीजवर ठेवून व्हिडिओ चालू केला. जाग यायला लागली तेव्हा काढून घेतला. आणि झोप लागतेच कशी याला?

९ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस उशिरा येतोय. कुठे जातोस विचारायचं नाही असं ठरवलंय, म्हणून विचारलं नाही. घर नको झालं असेल. हो, मलाही!

आज स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. 'शलू, ते कार्ड दे जरा मला.' मी म्हटलं, 'का? आता काय पुसायचं राहिलंय?' 'अगं, ऐक तरी...' 'नाही ऐकायचं!' कुकरच्या शिट्टीत पुढचं गेलं. तिथेच थोडा वेळ उभा होता. मग गेला.

हे उभं राहणंही काढायला हवं होतं.

११ डिसेंबर, गुरुवार

कार्ड भरलं! 'जागा नाही' असं आलं स्क्रीनवर. एवढ्या मोठ्या कार्डात जागा नाही! पुन्हा एक दुपार घोरण्याची मिळाली म्हणून जमलं. नानांचा फोन आला होता. विचारत होते, तो लसणाचा फोटो खरंच गेला का गो? मी म्हटलं, गेला. म्हणाले, जाऊ दे.

जाऊ दे कसं?

१३ डिसेंबर, शनिवार

उठले तर जगन्नाथ घरात नाही. कॅमेरा उघडा, कार्ड गायब. आता फोन आलाय त्याचा, शुवैखच्या कुठल्याशा दुकानातून. फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवलाय आणि तो बोलतोय ते तसंच लिहून घेतेय.

'आठवडाभर शोधत होतो गं. इथला माणूस म्हणतो, फॉरमॅट केल्याने फोटो जात नाहीत, नुसते दिसेनासे होतात. हा सगळे काढून देतो. फक्त नंतर त्याच्यावर काही काढलेलं नको. मी सांगितलं त्याला, बायको इतकी रागावलीय, कॅमेऱ्याला हातसुद्धा लावला नसेल तिने. नाना परत येतील शलू. सगळे. ऐकतेयस ना?... थांब, थांब, कार्ड लागलं. पहिला फोटो येतोय स्क्रीनवर...

'हे काय गं? टॉवेल?'